गार्डचं सोंग

आमच्या ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला येतात त्यांना सगळे मामाच म्हणतात. मितभाषी आणि कामाला चोख माणूस. जाताना गेटवरचा गार्ड मात्र त्यांची हत्यारांची बॅग उघडायला लावतो. प्लंबरची नाही, रंगाऱ्याची नाही, मामांचीच. त्यांच्या समाजाची या भागात मोजकीच घरं आहेत, आणि त्यांच्याबद्दल लोकांची मतं कधीचीच ठरलेली आहेत. आम्हीही हे इतकी वर्षं बघत आलो.

मामांची मुलगी पंधराची झाली, एकटी दुकानात जाऊ लागली, तेव्हा कुणी अडवलं तर कसं वागायचं याची त्यांनी घरीच तालीम सुरू केली. जेवणाचं टेबल म्हणजे काउंटर, आणि मामा गार्ड.

"खिशातून हात बाहेर. बॅग उघड. हे पेन कुठून घेतलंस?"

"तुम्हीच आणलंत की, बाबा!"

"बाबा कोण? काका म्हण. आणि हसायचं नाही."

पण मामांना वाटलं, बाहेर लोक खरंच जे बोलतात ते ऐकायची सवय हवी. एका संध्याकाळी त्यांनी स्वतःला गेटवर ऐकावं लागलेलं वाक्य जसंच्या तसं तिच्या अंगावर फेकलं, "तुम्हा लोकांचे हातच तसले!"

मुलगी जागची हलली नाही. गुपचूप बॅग उघडून दाखवली. मामा खूश. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "पुरे झालं तुमचं नाटक."

काही दिवसांनी वह्यांच्या दुकानात तिला खरोखरच अडवलं.

"काय म्हणाला?" मामांनी घाईघाईनं विचारलं.

"बॅग दाखव म्हणाला. दाखवली. जा म्हणाला."

"घाबरलीस?"

"छे! तुमच्यापेक्षा पुष्कळ बरा होता."

ती पाणी पिऊन अभ्यासाला बसली. मामा मात्र त्या रात्री जेवले नाहीत.

हे सगळं त्यांनी मला लिफ्टच्या मशीनपाशी, हाताचं ग्रीस पुसता पुसता सांगितलं. "साहेब, ते वाक्य तिला बाहेर कुणी ऐकवलं नव्हतं. घरात मीच आणलं."

"मग बोललात तिच्याशी?"

"चुकलो म्हटलं. तर म्हणाली, 'असू द्या हो बाबा. चला, आता मी गार्ड.' मी बॅग पुढे केली. तेच वाक्य बोलली, साहेब. सूरही माझाच. बोलून खुदकन हसली. मला काही हसता येईना."

त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेलो. गार्डला म्हटलं, "यापुढे यांची बॅग बघायची नाही." त्यानं मान डोलावली.

तोवर मामांनी बॅग खाली ठेवून चेन उघडली होती, आणि दोन्ही हात खिशापासून लांब धरून ते उभे होते.