भीमा प्याला नव्हता

चांगुणा बोलायला लागली की गिरणीच्या भोंग्यालाही लाज वाटावी, असं सोलापुरात तिच्या गल्लीतली माणसं म्हणायची. नवरा गेल्यावर ती गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागली आणि धाकट्या भावाला, भीमाला, तिनंच खटपट करून तिथं मागावर चिकटवलं. भीमा स्वभावानं गरीब. कुणी काही सांगितलं की मान डोलवायचा.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत त्याला कापसाच्या तुसानं बेजार केलं. शिंकून शिंकून डोळे लाल. कामावर जाताना त्यानं फाटकाजवळच्या महादेवप्पाच्या किराणा दुकानातून दोन पिवळ्या गोळ्या घेतल्या आणि एक तिथंच गिळली. आत गेल्यावर शिवयोगी मुकादम खेकसला, "नाक पुसत काम करणार काय? ह्या घे, एक आत्ता, एक रात्री. खाडा केलास तर बघ!" त्या गोळ्या पांढऱ्या होत्या. भीमानं त्यातलीही एक गिळली.

दुपार कलता कलता त्याचे डोळे जड झाले. मागासमोर उभ्या उभ्याच डुलकी लागली आणि हात पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली.

चांगुणा धावत पोचली, तेव्हा भीमाच्या हाताला अजून फडकंसुद्धा बांधलं नव्हतं. पण मुकादमाचं बोलून झालं होतं. "पिऊन आलता. माझा काय दोष?"

भीमा रविवारी प्यायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून खोटं लगेच खपलं. चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज काय काय घेतलं होतं यानं?" चांगुणानं भावाचा खिसा उलटा केला. दोन गोळ्या उरल्या होत्या, एक दुकानातली पिवळी, एक मुकादमानं दिलेली पांढरी. बाईंनी दोन्ही निरखून पाहिल्या.

"रंग वेगळे, औषध एकच. म्हणजे दुप्पट गेलं पोटात. यानं झोप येते. ही गोळी घेऊन मशीनवर उभं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही. वर दारू घेतली असती तर जिवावर बेतलं असतं."

"मग हे सांगायचं कुणी?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं."

"पाकीट कुणी बघितलंय, बाई? कातरीनं कापून एकेक हातावर ठेवत्यात!"

बाईंनी दोन्ही गोळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाल्या, "याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. तुमच्या साहेबांना मी स्वतः सांगेन."

चांगुणा भावाकडं वळली. "आन तू? एक घेतलीय म्हणून मुकादमाला तोंडानं सांगता आलं न्हाय?"

भीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, सर्दीची गोळी ती. तिला औषध कोण म्हणतं?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला ती महादेवप्पाच्या दुकानासमोर उभी राहिली.

"झोप येती म्हणून सांगितलं का न्हाईस?"

"मला तरी कुटं ठाऊक हाय? गिऱ्हाईक मागतंय, मी देतो."

"ठाऊक न्हाय तर इकू नगंस! मीठ-मिरची इक!"

तेवढ्यात फाटकातून मुकादम आला. तिनं त्याची वाट अडवली. "माझा भाऊ प्याला नव्हता. दोन गोळ्या खाऊन तो तुझ्या धाकानं उभा हुता. म्हण, सगळ्यांम्होरं म्हण!"

माणसं थबकली. मुकादम खाली मान घालून बाजूनं निघून गेला.

डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. साहेबांनी भीमाला कामावरून काढलं नाही, फाटकावर बसवलं. सगळे म्हणाले, चांगलं झालं. चांगुणाला ते पटलं नाही. माग चालवणारा पोरगा स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करतो, यात चांगलं ते काय?

"आक्का, सोड आता," भीमा म्हणायचा.

तिनं सोडलं नाही. महादेवप्पा पुढं गोळी देताना तिच्या भीतीनं का होईना सांगायला लागला, "झोप येती बरं का, मागावर जाऊ नका. दुसरी कुटली गोळी घेतलीय का?" मुकादम मात्र समोर दिसला की चांगुणा अजूनही रस्त्यातच थुंकायची आणि तो रस्ता बदलायचा.