बिनपंख्याचा प्रोसेसर

बिश्केकच्या कॉम्प्युटर बाजारात जीपारा गिऱ्हाइकाला आधी पैशांचं विचारायचीच नाही. "ठेवणार कुठे?" हा तिचा पहिला प्रश्न.

"फळीवर, चहाच्या वाट्यांशेजारी," सोनुनबुबू आपा म्हणाल्या. "एका खोलीचं घर आहे, पोरी. लहानसाच कॉम्प्युटर दे."

आपा सत्तरीच्या. तालासकडच्या पाच-सहा गावांत कोणी गेलं की कोशोक म्हणायला, मेल्या माणसाचे गुण गात रडायला, त्यांनाच बोलावणं यायचं. आता घशात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन, त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं. नातीला शिकता यावं म्हणून चार दिवसांत सगळं रेकॉर्ड करायचं होतं. फोनवर करून पाहिलं, तर घागरीत तोंड घालून गायल्यासारखं ऐकू येत होतं.

जीपाराने दोन प्रोसेसर पुढ्यात ठेवले. "हा दणकट. पुढे नातीला काहीही करता येईल. पण एवढ्याशा डब्यात तापतो, मग पंखा जोरात फिरतो. हा दुसरा धिमा, पण थंड. याला पंखाच लागत नाही."

"पहिला आमच्या म्हाताऱ्यासारखा," आपा म्हणाल्या. "जरा काम सांगितलं की धापा टाकायचा."

जीपारा हसली, पण तिचा कल पहिल्याकडेच होता. म्हातारीला मिळमिळीत यंत्र दिलं, असं व्हायला नको होतं. दणकट प्रोसेसर बसवलेला डबा तिने सुरू केला, माइक जोडला. "पंखा एवढा नाही हो ऐकू येत. दोन ओळी म्हणा, बघू."

आपांनी मान हलवली. "मरण नसलेल्या छपराखाली कोशोक म्हणत नाहीत. मरण बोलावल्यासारखं होतं."

"मग घरी कसं म्हणणार?"

आपांनी गळ्याला बोट लावलं. "माझ्या घरात सोमवारी एक जण जाणारच आहे."

जीपारा हातातला स्क्रू उगाच फिरवत राहिली. "या छपराखालीही एक आहे," ती शेवटी म्हणाली. "माझी आई. साथीत गेली. मी मॉस्कोत हॉटेलात भांडी घासत होते, सरहद्दी बंद. तिच्यासाठी कोणीच गायलं नाही."

"नाव?"

"बुरुल."

"हात कशात होता तिचा?"

"लोकरीचे नमदे शिवण्यात. डोळे गेल्यावरही टाका वाकडा पडला नाही."

आपा दाराकडे पाठ करून बसल्या, हात कमरेवर ठेवले आणि गाऊ लागल्या. बुरुलची सुई कोणी उचलली, अर्धा राहिलेला नमदा आता कोण पुरा करील. रेकॉर्डिंग चालू होतं, पण जीपाराने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलंच नाही.

मग दोघींनी ऐकलं. तिसऱ्या ओळीपासून पंख्याची घरघर चढत गेली होती. 'बुरुल' हे नाव त्या घरघरीखाली बुडालं होतं.

"दुसराच दे," आपा म्हणाल्या.

जीपाराने थंड प्रोसेसर बसवला. डबा बंद करताना ती चाचरत म्हणाली, "आपा, यावर एकदा परत..."

"चारच दिवसांचा गळा उरलाय, पोरी. अजून माझ्या गेलेल्या आईचं, नवऱ्याचं, थोरल्या मुलाचं गायचंय. नातीला ते सगळं द्यायचंय."

डबा पिशवीत घालून आपा गेल्या.

मंगळवारी जीपाराने दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. घरघर काढून टाकायला बसली. घरघर जितकी कमी करावी, तितका आपांचा आवाजही पातळ होत गेला; शेवटी नाव उरेना. तिने केलेलं सगळं पुसलं आणि पंख्यासकटच ठेवून दिलं.