पंपावरची डेलिया

डेलिया कनीलीने आयुष्यात स्वतःच्या हाताने सोडतीचं एकही तिकीट घेतलं नव्हतं, पण बक्षिसं तिला लागत आली. दोनदा ख्रिसमसचं हॅम म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, एकदा कोळशाचं पोतं, आणि एका वर्षी फुटबॉल क्लबच्या सोडतीत अर्धी मेंढी, तीही सोललेली. ही सगळी तिच्या नवऱ्याची, कोलमनची करणी. चर्चचं छप्पर असो की समुद्रातल्या बचावाची बोट, तिकिटांची वही पुढे आली की कोलमनचा हात खिशात. नाव मात्र बायकोचं. "माझं नशीब एकदाच काय ते फळफळलं, ती घरी बसलीय," असं तो म्हणायचा. चारचौघांत असं बोलणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं?

डेलिया तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात बांगडे साफ करत उभी राहिली. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रेडिओवर कुणी म्हातारी लॉटरीच्या नावाखाली फसल्याची बातमी आली की म्हणायची, "तिकीट न घेता बक्षीस लागतं कुठे? अक्कल काय गहाण टाकली होती?"

कोलमन जाऊन तेरा महिने झाले आणि एका मंगळवारी तिच्याच दारात पत्र आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का. परदेशातल्या कुठल्याशा सोडतीत श्रीमती डेलिया कनीली यांना पंच्याऐंशी हजार युरो. विम्याचे आणि कागदपत्रांचे सहाशे चाळीस युरो दहा दिवसांत पाठवा, आणि तोवर कुणाशी बोलू नका.

शेजारणीला आलं असतं तर डेलियाने तिला ते शेगडीत घालायला लावलं असतं. पण आता तिच्या डोक्यात एकच आलं, हे कोलमननं घेतलं असणार. गॉलवे शहरातल्या इस्पितळात, खाटेवर पडल्यापडल्या, कुणा तिकीटवाल्याकडून. जाता जाता माझ्या नावावर. तिला पैशाचं अप्रूप नव्हतं. तो अजून काहीतरी पाठवतोय, याचं होतं. तीन दिवस तिने ते पत्र त्याच्या टोपीखाली ठेवलं आणि येताजाता टोपीला हात लावला.

सहाशे चाळीस युरो तिच्याकडे होते. ते कोलमनच्या थडग्यावरच्या दगडाचे. वर्ष उलटलं की दगड बसवायचा, अशी रीत. पाथरवट शनिवारी पैसे न्यायला येणार होता. बसेल पुढच्या वर्षी, असं तिने स्वतःला समजावलं आणि शुक्रवारी ती टपाल कचेरीत गेली.

खिडकीमागे फिलोमिना होती. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या.

"हे पैसे परदेशी पाठवायचेत."

"परदेशी तुझं कोण गं बसलंय?"

"माझं मी बघेन. तू शिक्का मार."

"मारते की. ते पत्र दाखव आधी."

फिलोमिनाने चष्मा चढवून पत्र दोनदा वाचलं. हसली नाही, हे तिने फार चांगलं केलं.

"डेलिया, कोळशाचं पोतं लागलं तेव्हा आधी किती भरलेस?"

"एक छदाम नाही."

"आणि मेंढी लागली ते गुपित ठेवलं होतं?"

"कसलं गुपित! फादरनी चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर माइकवरून सांगितलं. महिनाभर लोक मटण मागत होते."

"आणि हे बक्षीस आधी पैसे मागतंय, वर तोंड बंद ठेव म्हणतंय. या वर्षातलं हे पाचवं पत्र आहे माझ्या खिडकीशी."

"त्या चौघांनी तिकिटं घेतलीच नव्हती. माझ्यासाठी कोलमननं घेतलं असेल." डेलिया म्हणाली. "तुला ठाऊक आहे तो कसा होता."

"ठाऊक आहे म्हणूनच विचारते. तिकिटावर तो तुझं नाव काय लिहायचा?"

डेलियाने पत्र ओढून घेतलं आणि त्यावरचं नाव पुन्हा वाचलं. गावात निम्मी घरं कनीलींची. डेलिया कनीलीच चार, त्यातल्या दोघी आता दफनभूमीत. नुसतं तेवढं लिहिलं तर हॅम कुणाच्या दारात जाईल याचा नेम नाही. म्हणून कोलमन घराजवळच्या हातपंपाची खूण घालायचा, 'पंपावरची डेलिया'. चाळीस वर्षांत त्याने दुसरं काही लिहिलं नव्हतं. श्रीमती डेलिया कनीली तिला फक्त विजेचं बिल म्हणायचं.

"गेला गं तो," ती म्हणाली. तेरा महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं. फिलोमिना खिडकी लावून बाहेर आली आणि तिला धरून उभी राहिली. मागे रांगेत दोघेजण होते, त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी पाथरवट पैसे घेऊन गेला. रविवारी मिस्सा संपल्यावर फुटबॉल क्लबचा फेस्टस चर्चच्या फाटकाशी तिकिटांची वही घेऊन उभा होता. डेलिया त्याच्यापुढे जाऊन थांबली.

"तू आणि तिकीट?" फेस्टस म्हणाला.

"पेन दे."

तिने सावकाश लिहिलं, 'पंपावरचा कोलमन'. फेस्टसने वाचलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"अगं डेलिया, हॅम लागलं तर न्यायला कोण येणार?"

"मीच येईन की. तिकीट त्यानं घ्यायचं आणि न्यायला मी यायचं, चाळीस वर्षं हेच चाललंय ना?"