चुंबकासाठी बर्फ
ओल्या गोणपाटाचा वास आला की जयपूरच्या सरकारी हॉस्पिटलातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. बाबांच्या पायांतली जाणीव चालली होती, एमआरआय झाल्याशिवाय डॉक्टर मणक्याला हात लावणार नव्हते, आणि रात्री वीज गेल्यापासून त्या मशीनचं चुंबक तापत चाललं होतं. सकाळी वीज आली, पण त्याला गार पाणी पुरवणारं यंत्रच जळलं होतं. म्हणून तिथला तंत्रज्ञ आणि मी चारदीवारीतून, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरातून, ई-रिक्षाने गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या आणून पाण्याच्या टाकीत टाकत होतो. चुंबकाला गार ठेवणारं आतलं द्रव हेलियम उडून गेलं की मशीन महिनोन्‌महिने बंद. दाबाचा काटा जरा उतरायला लागला आणि वीज पुन्हा गेली; टाकीतलं पाणी फिरवणारा पंप थांबला. "भैया, जनरेटर है ना?" आईने तंत्रज्ञाला विचारलं. "है आंटीजी, पर साहब के चेंबर पर है।" मी धावत वर गेले, दार ढकललं आणि जनरेटर खाली द्या म्हणून ओरडले. एसीत बसलेले साहेब शांतपणे म्हणाले, "बेटा, पहले दरवाज़ा बंद करो, ठंडक निकल रही है।" तेवढ्यात गच्चीवरच्या पाइपातून हेलियमचा पांढरा लोट गर्जत बाहेर पडला. बाबा पुन्हा चालले नाहीत. लोक म्हणतात, सरकारी हॉस्पिटलांच्या कारभारावर तू काढतेस त्या पत्रकांची भाषा फार उर्मट असते. असते तर असते.