मुका केलेला मोडेम

आमच्या कॉम्प्युटरचा मोडेम इंटरनेट जोडताना असा किंचाळायचा की स्वयंपाकघरातून आई विचारायची, "अडकवलास का रे फोन?" फोनला आणि इंटरनेटला लाइन एकच होती. त्या विचारण्याला कंटाळून एका रविवारी मी सेटिंगमध्ये जाऊन मोडेमचा आवाजच बंद केला.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या मुलाचं ऑपरेशन होतं. तिचा फोन येईल म्हणून आई दुपारभर फोनपाशी बसून राहिली. आतल्या खोलीत माझं चॅटिंग चाललं होतं. "विसरली वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. मी ते ऐकलं.

आपल्याला कर्कश वाटणारा आवाज दुसऱ्या कुणासाठी निरोप असतो. तो बंद करताना मला हे सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हाही मी खुर्चीतून उठलो नाही.

संध्याकाळी मी लाइन सोडून बाहेर आलो आणि लगेच घंटी वाजली. मावशीचा रडवेला आवाज मलाही ऐकू आला, "अगं, दुपारपासून लावतेय. सारखा एंगेज!"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच बोलत बसले होते गं एकीशी. चुकलंच माझं."