दिसलं का वाटलं?

"दिसलं का वाटलं?" असं विचारण्याआधी ते स्वतःचा चष्मा सदऱ्याला पुसून घेत. बघितलेलं समोरच्यानं असायचं, चष्मा मात्र हे पुसणार.

आष्ट्याजवळ ऊस तुटून गेलेल्या रानात दर हिवाळ्यात मोटारसायकलींच्या शर्यती होतात. तिथले ते पंच. फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदार म्हणत. अशी शर्यत तुम्ही पाहिली असेल तर ठाऊक असेल, दोन गाड्या धडकल्या की खरी चुरस तिथून पुढं.

"आमचा पुढं हुता!"

"आतनं घुसला त्यो!"

भज्यांच्या गाड्यामागं उभा असलेल्यालाही सगळं दिसलेलं असतं. सुभेदार उकिडवे बसून चाकांच्या खुणा बघत, मग एकेकाला तो प्रश्न विचारत. निम्मे साक्षीदार तिथंच गळत.

मी वळणावर पिवळं निशाण घेऊन उभा असे. एकदा शर्यतीत उतरून थेट मंडपात घुसलो होतो, तेव्हापासून सुभेदारांनी मला दोन पायांवरचंच काम दिलं होतं.

त्या दिवशी धूळ बसावी म्हणून वळणावर पाणी मारलं होतं. माझी चप्पल चिखलात रुतली. वाकून ती उपसतोय तोवर मागं धाडकन आवाज. वळून बघतो तर माधवनगरचा गडी खांदा धरून विव्हळतोय आणि खंडाळ्याचा त्याच्याशेजारी उताणा. तसल्या पातळ चिखलात खुणा कसल्या राहणार? सुभेदार माझ्याकडं आले. चष्मा पुसला.

"दिसलं का वाटलं?"

एवढ्या गर्दीत चप्पल कशी सांगायची? म्हणालो, "दिसलं. खंडाळ्याचा आतनं घुसला."

"काका, म्या ब्रेक दाबला हुता," खंडाळ्याचा म्हणत राहिला. त्याला वर्षभर बंदी झाली.

महिन्याभरानं कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ निघाला. त्यात माधवनगरचा आपसूक घसरला होता; मागच्याला थांबायला जागाच नव्हती. आणि एका कडेला माझी वाकलेली पाठ. सुभेदारांनी तो दोनदा पाहिला. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"निघाली का चप्पल?" एवढंच विचारलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते खंडाळ्याला गेले. तोवर त्या पोरानं गाडी विकली होती. अंगणात उभं राहून सुभेदार म्हणाले, "निकाल चुकला. चूक माझी." माझं नाव नाही. मी पायातल्या चपलेकडं बघत राहिलो.

परतताना म्हणालो, "आवं सुभेदार, खोटं तर मी बोललो."

"निकाल माझा हुता, गड्या."

त्यांनी स्वतःलाच वर्षभराची बंदी घातली. पुढच्या हिवाळ्यात ते दोरीबाहेर, बांधावर शर्यतीकडं पाठ करून बसले आणि इंजिनांचे आवाज ऐकत राहिले. आत चला म्हटलं, तर हात हलवला. बंदी संपायला दोन महिने होते, तेवढ्यात गेले.

दहाव्याला खंडाळ्याचा आला होता. माझ्याशेजारी बसून डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, एवढी शिक्षा कशाला घेतली त्यांनी? माणूस चुकतोय की."

"चूक त्यांची न्हवती," मी म्हणालो.

"मग कुणाची?"

तेवढ्यात आतून जेवायला हाक आली. तो उठला. मी त्याला जाऊ दिलं.