फोडणीतला कार्बोरेटर

आमच्या घरात गेल्या वर्षी दोन गोष्टी बंद पडल्या. आधी हिचं काळीज, मग व्हॅन. पहिलीला डॉक्टर होते तरी उपयोग झाला नाही, म्हणून दुसरीला मी कुणाला हात लावू दिला नाही.

गाडीची कामं मी घरीच करतो. चौथीत शाळा सुटली, पाना काही सुटला नाही. आपल्या हातानं खोललेलं आपल्याच हातानं बसवावं, किल्ली फिरवावी आणि गाडीनं गुरगुरावं, त्याच्यासारखं सुख आमच्या खुटबाव गावात दुसरं नाही. ही शेजारी पाटावर बसायची, मांडीवर जुना मसाल्याचा डबा. निघेल तो स्क्रू एकेका वाटीत. मी गाडीखालनं ओरडायचो, "हळदीतला दे!" की बरोबर तोच हातात. कवा चुकली नाही.

ती गेल्यावर पोरगं म्हणालं, "आबा, रविवारी अण्णा टेम्पो घेऊन येत्यात. जेवणं होस्तवर गाडी चालू झाली तर ठेवा. न्हाईतर भंगारात!"

अण्णा म्हणजे आमचे शिरूरचे व्याही. माणूस चांगला, पण दुसऱ्याची वस्तू विकायची लय हौस!

रविवारी सकाळीच मी कार्बोरेटर काढला. डबा पाहिजे म्हणून स्वयंपाकघरात गेलो. (तिथं मी जन्मभर जेवण्यापुरताच गेलेलो.) फळीवर डबा होता, आणला. वाट्यांत खरंच हळद, जिरं, मेथी! मला वाटलं, मला ओळखायला सोपं जावं म्हणून हिनंच भरून ठेवलं. (एवढा भरवसा ती असताना तिच्यावर दाखवला असता तर सोन्यासारखी भांडणं वाचली असती!) स्क्रूही मेथीदाण्याएवढे, पितळी. टाकत गेलो.

सगळं पुसून पेट्रोल आणायला गेलो. येतोय तर डबा गायब!

"सूनबाई, डबा कुठाय?"

"जागेवर! आबा, मिठामसाल्याचा डबा असा मातीत ठेवत्यात व्हय? सकाळपास्नं शोधतीय मी!"

पळत गेलो. वाट्या उपसल्या, घावले तेवढे स्क्रू बसवले. दोन स्क्रू कमी. मातीत पडले असतील म्हणून गाडीखाली रांगलो. तेवढ्यात टेम्पो दारात.

"काय आबा, गाडी शोधताय का?" अण्णा खाली उतरले. "उठा, जेवू. मग हिला उचलू."

पानं मांडली. मी आमटी ओरपत होतो, पण जीव अंगणात. इतक्यात 'कट्' झालं. अण्णांनी तोंड धरलं, बोटं घातली आणि अर्धी कवळी बाहेर काढली. तिच्यात एक पिवळा दाणा.

"ह्ये काय हाय?"

"घावला!" मी ताटावरनं उडालो. "अण्णा, सोडा त्यो! चावू नका!"

"अवो, माझी कवळी!"

"कवळी ऱ्हाऊ द्या, स्क्रूचं आटं गेलं का बघा!"

नवरदेवासारखा हळद लागलेला स्क्रू मी त्यांच्या हातातनं ओढला, धोतराला पुसला आणि उष्ट्या हातानं बसवला. दुसऱ्याच्या जागी तारेचा तुकडा पिळला. किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि गुरगुरली! धुराला लसणाच्या फोडणीचा वास. मी सवयीनं शेजारी बघितलं. पाट रिकामा होता. मग हॉर्न वाजवला, लांबलचक.

गाडी राहिली. टेम्पो ड्रायव्हरनं रिकामाच परत नेला. पहिल्या फेरीला अण्णांनाच शिरूरला घेऊन गेलो, कवळी सांधायला.

आता फोनवर मी त्यांना दर वेळी विचारतो, "अण्णा, पोट साफ हाय ना? काय टोचत न्हाई ना?" ते शिरूरभर सांगत्यात, "आमचा व्याही लय मायेचा!" मी बापडा दुसऱ्या स्क्रूची चौकशी करतोय.

पण आमटी मीही दोन वाट्या ओरपली होती. म्हणून हल्ली चालताना मधेच थांबतो आणि अंग हलवून बघतो, खुळखुळा माझ्यातच तर वाजत नाही ना!